गरोदर बाई आणि लहान मूल: अंगात किती आर्सेनिक गेलं, ते कसं मोजायचं

पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं एक अंगण. घरातली सून सात महिन्यांची गरोदर. अंगणातल्या हातपंपाचं पाणी आम्ही आर्सेनिकच्या किटवर तपासलं, कागद पांढराच राहिला, म्हणजे पाणी ठीक. फॉर्मवर तशी नोंद करून उठणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, ‘प्यायला हे पाणी, पण डाळ-भात पलीकडच्या पंपाच्या पाण्यात. या पाण्यात डाळ शिजतच नाही.’ पलीकडच्या पंपाचा कागद वीस मिनिटांत गडद तपकिरी झाला. त्या घरातली बाई आणि तिच्या पोटातलं बाळ रोज दोन वेळा ते पाणी भातातून खात होते, आणि माझ्या फॉर्मवर त्याचा मागमूस राहिला नसता.

आर्सेनिकचं सर्वेक्षण म्हणजे पंप मोजणं, असं अजूनही अनेकांना वाटतं. पंप मोजायलाच हवा. पण गरोदर बाई आणि लहान मूल यांच्या बाबतीत आधी माणूस मोजावा, मग पंप. ते कसं करायचं, हे आरोग्यसेविका, समाजकार्याचे आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी आणि छोट्या संस्थांतले कार्यकर्ते यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिते आहे.

हा प्रश्न कुठला आहे

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळात आर्सेनिक मुळातच आहे. जमिनीखाली प्राणवायू नसलेल्या थरांत लोहाची खनिजं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. नदी-तळ्याच्या घाण पाण्यानं होणारे हगवणीचे आजार टळावेत म्हणून बंगालमध्ये लाखो हातपंप बसवले गेले, आणि नेमक्या त्याच उथळ थरांतलं पाणी वर आलं. १९८३ मध्ये कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या कातडीवरच्या डागांचा संबंध या पाण्याशी जोडला. बांगलादेशात १९९३ मध्ये ते सापडलं. पुढे तिथे सुमारे पन्नास लाख पंप तपासून लाल आणि हिरवे रंगवले गेले.

महाराष्ट्राच्या बसाल्ट खडकातल्या पाण्यात मुख्य डोकेदुखी फ्लोराइड आणि नायट्रेटची. यवतमाळ, चंद्रपूरच्या वाचकांना फ्लोराइड वेगळं सांगायला नको. आर्सेनिकचं आपल्याला सर्वांत जवळचं गाव म्हणजे गडचिरोलीच्या हद्दीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातलं कौडीकसा. तिथे गाळ नाही, खडकातूनच आर्सेनिक येतं.

भारतीय मानकाप्रमाणे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्याप्रमाणे पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर नसावं. बांगलादेशची मर्यादा मात्र ५० आहे. म्हणून तिथला हिरवा पंप म्हणजे ‘५० च्या आत’. ‘१० च्या आत’ असेलच असं नाही. हिरवा रंग पाहून गरोदर बाईला निर्धास्त करणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. ती चूक करू नका.

बाई आणि मूल वेगळे का मोजायचे

आर्सेनिक वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातं. नाळेच्या रक्तातलं प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास असतं. बांगलादेशात चांदपूर जिल्ह्यातल्या मतलब या भागात २००१ ते २००३ दरम्यान ४,४३६ गरोदर बायकांची नोंद करून मोठा अभ्यास झाला. त्यात गरोदरपणाच्या साधारण आठव्या, चौदाव्या आणि तिसाव्या आठवड्यात लघवीचे नमुने घेतले होते. आईच्या लघवीतलं आर्सेनिक आणि बाळाचं जन्माच्या वेळचं वजन यांचा संबंध त्यातून पुढे आला.

आईच्या दुधात मात्र आर्सेनिक फारच कमी उतरतं. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाच्या लघवीत ते जवळजवळ नसतं, अगदी आई खूप दूषित पाणी पीत असली तरी. धोका परत सुरू होतो तो उष्टावणापासून. बंगालमध्ये त्याला मुखेभात म्हणतात. भात, भाताची पेज, वाटीतलं पाणी, सगळं एकदम सुरू होतं. पावडरचं दूध पंपाच्या पाण्यात कालवून दिलं तर त्याच्याही आधी. पाच किलोचं बाळ ५० मायक्रोग्रॅमच्या पाण्यात केलेलं पाऊण लिटर दूध पितं, तेव्हा त्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साडेसात मायक्रोग्रॅम आर्सेनिक मिळतं.

पहिली पायरी: संमती आणि शब्द

नैतिक समितीची मंजुरी आणि आईची लेखी संमती याशिवाय एक थेंबही घेऊ नका. सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याचा होकारही घ्यायचा. आणि निकाल किती दिवसांत मिळेल हे त्याच वेळी सांगा. तो शब्द पाळता येणार नसेल तर नमुना गोळा करू नका, इतकं माझं याबाबतीत स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: आठवड्याचं पाणी विचारा

‘पाणी कुठलं पिता?’ या प्रश्नाला एकच उत्तर येतं आणि ते बहुतेकदा अर्धवट असतं. त्याऐवजी दिवस उलगडायला लावा. सकाळी उठल्यावर पहिलं पाणी कुठलं? शेतावर जाताना कळशी कुठे भरली? भात कुठल्या पाण्यात धुतला, कुठल्या पाण्यात शिजला? पेज निथळून टाकली की आटवली? मूल अंगणवाडीत किंवा आजीकडे किती तास असतं, तिथे काय पितं? प्रत्येक स्रोत कागदावर काढा आणि त्यावर अंदाजे किती तांबे ते मांडा. घरातला तांब्या मागून घ्या आणि मोजपात्रानं त्याचं माप घ्या. ‘दिवसाला आठ तांबे’ म्हणजे एका घरी चार लिटर, तर दुसऱ्या घरी सात लिटर निघतं.

गरोदर बाईला आणखी तीन गोष्टी विचाराव्याच लागतात.

एक, माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तिकडेही आहे. सातव्या महिन्यात बाई माहेरी गेली की पाणी बदलतं. सासरच्या पंपावरून तिच्या शेवटच्या दोन महिन्यांचा हिशेब लावणं चुकीचं ठरतं. तारखा लिहून घ्या.

दोन, उलट्या. पहिल्या तिमाहीत पाणीही पोटात ठरत नसेल तर त्या आठवड्याचा आकडा तिचा नेहमीचा आकडा नसतो.

तीन, औषधं. मराठीत आर्सेनिकच्या ऑक्साइडला सोमल म्हणतात, पिवळ्या खनिजाला हरताळ आणि तांबड्याला मनशीळ. रसमाणिक्य, समीरपन्नग अशा काही रसौषधींत ही द्रव्यं असतात. वैद्यानं दिलेली किंवा बाजारातून आणलेली पुडी, गुटी, भस्म चालू आहे का, हे हळुवारपणे विचारा आणि वेष्टन पाहायला मागा.

मासे विचारायला विसरू नका, विशेषतः समुद्राचे. त्याबद्दल पुढे येतंच आहे.

तिसरी पायरी: पाणी आणि तांदूळ

किटची पद्धत जुनी आहे. पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकली की आर्सेनिकचा वायू बनतो आणि तो मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेल्या कागदाला पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत रंग देतो. हा वायू विषारी आहे. चाचणी उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करायची. मुलं आणि गरोदर बाई जवळ नकोत. मुलांना रंग बदलताना पाहायची भारी हौस असते, त्यांना लांब उभं करून नंतर कागद दाखवा. किटमध्ये सांगितलेली मिनिटं घड्याळ लावून पाळा, कागद सावलीत वाचा. पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर गंधकाच्या वायूमुळे रंग फसवतो. त्यासाठी किटमधलं वेगळं रसायन आधी घालावं लागतं.

किट गाळणीसारखं वापरावं. आकडा प्रयोगशाळेचाच धरावा. नमुना घेण्याआधी पंप काही मिनिटं चालवा, स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी घ्या, त्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब घालून सामू (पीएच) दोनच्या खाली आणा. आम्ल घातलं नाही तर लोह खाली बसतं आणि आर्सेनिकलाही सोबत घेऊन बसतं. मग प्रयोगशाळेला बाटलीत ‘स्वच्छ’ पाणी सापडतं.

तांदूळ घरच्याच डब्यातला मूठभर घ्या. तो का घ्यायचा, हे एका साध्या हिशेबानं कळेल. समजा ५० किलोची बाई रोज तीन लिटर पाणी पिते आणि ४०० ग्रॅम तांदळाचा भात खाते. प्यायचं पाणी ५ मायक्रोग्रॅमचं, स्वयंपाकाचं ६० चं, आणि तांदळात अजैव आर्सेनिक (म्हणजे त्याचं विषारी रूप) किलोला ०.१५ मिलिग्रॅम. प्यायच्या पाण्यातून १५, तांदळातून ६०, शिजताना भातानं शोषलेल्या सुमारे ८०० मिलीलिटर पाण्यातून ४८. एकूण १२३ मायक्रोग्रॅम. ‘सुरक्षित पंप’ पिणारी बाई, आणि तिच्या आर्सेनिकमधला पाण्याच्या ग्लासाचा वाटा जेमतेम एक-अष्टमांश!

चौथी पायरी: बाईची लघवी

अलीकडच्या काही दिवसांत शरीरात किती आर्सेनिक गेलं, हे सांगणारा सगळ्यांत भरवशाचा नमुना लघवीचा. शरीर अजैव आर्सेनिकवर मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचा छोटा जोड) चढवतं आणि एक गट चढलेलं एमएमए, दोन चढलेलं डीएमए या रूपांत मूत्रावाटे बाहेर टाकतं. अर्धं आर्सेनिक साधारण चार दिवसांत निघून जातं. रक्तातून ते काही तासांतच उतरतं, म्हणून सर्वेक्षणात रक्त घेऊ नये, असंच मी म्हणेन. गरोदर बाईला त्यासाठी सुई टोचायची गरज नाही.

चोवीस तासांची लघवी गोळा करायला लावणं गावात जमत नाही आणि जरुरीचंही नाही. एका वेळचा, मधल्या धारेचा नमुना पुरतो. शक्यतो सगळ्यांचा साधारण एकाच वेळी घ्या आणि वेळ बाटलीवर टाका. बाटल्या पॉलिथिनच्या, दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून शुद्ध पाण्यानं धुतलेल्या हव्यात. हात आणि बाटलीचं तोंड पंपाच्या पाण्यानं विसळू नका. ही चूक अगदी सवयीनं होते. लघवीत आम्ल घालायचं नाही, कारण त्यानं आर्सेनिकची रूपं बदलू शकतात. लगेच बर्फाच्या पेटीत, त्याच दिवशी उणे वीस अंश सेल्सियसला.

नोंदणीच्या वेळी एकदा, चौदाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा आणि तिसाव्या आठवड्यात एकदा, असे तीन नमुने मिळाले तर उत्तम. गरोदरपण पुढे सरकतं तशी शरीराची मिथाइल चढवण्याची ताकद वाढते. डीएमएचा वाटा वाढतो, अजैवाचा कमी होतो. त्यामुळे फक्त वाटा बदलला म्हणून पाणी बदललं असं समजू नका, बेरीज पाहा.

पाचवी पायरी: मुलाची लघवी

इथे घाई चालत नाही. तीन वर्षांवरचं मूल आईनं सांगितलं की स्वच्छ भांड्यात करतं. ते भांडं आपणच न्यायचं, घरचं विसळलेलं नको. तान्ह्यासाठी चिकटपट्टीची लघवीची पिशवी मिळते. त्वचा कोरडी करून ती लावायची, आईनं बाळाला अंगावर घ्यायचं आणि दर दहा मिनिटांनी पाहायचं. पिशवीत शी मिसळली तर नमुना टाकून द्या. लंगोटात कापूस ठेवून पिळण्याआधी तोच कापूस कोरा असताना प्रयोगशाळेत तपासून घ्या, कापसातच आर्सेनिक निघू शकतं. कधीकधी दोन तास जातात. मी तेवढा वेळ आईशी बोलते. पाण्याच्या फॉर्ममधल्या निम्म्या चुका त्याच गप्पांत दुरुस्त होतात.

मुलाच्या फॉर्मवर वजन, वय महिन्यांत, अंगावर पितं का, वरचं काय सुरू झालं आणि केव्हा, हे असलंच पाहिजे. अंगावर पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या मुलांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली तर ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

सहावी पायरी: प्रयोगशाळेला काय विचारायचं

कोकणात, गोव्यात किंवा कुठेही बांगडा, कोळंबी, तिसऱ्या खाणाऱ्या घरात हे फार महत्त्वाचं आहे. समुद्री माशांत आर्सेनोबीटेन नावाचं रूप भरपूर असतं. ते शरीराला जवळजवळ निरुपद्रवी असतं आणि जसंच्या तसं लघवीतून जातं, पण ‘एकूण आर्सेनिक’ मोजलं तर आकडा शेकड्यांत जाऊ शकतो. एखाद्या गरोदर बाईला असा कागद हातात देऊन घाबरवणं हा अन्याय आहे. म्हणून प्रयोगशाळेकडे अजैव, एमएमए आणि डीएमए यांची बेरीज मागा. हायड्राइड पद्धतीच्या यंत्रात आर्सेनोबीटेन धरलंच जात नाही. आयसीपी-एमएस या अणूंचं वस्तुमान ओळखून मोजणाऱ्या यंत्राला आधी रूपं वेगळी करणारा स्तंभ जोडावा लागतो. शिवाय नमुन्याआधी तीन-चार दिवस समुद्री मासे आणि शेवाळाचे पदार्थ टाळायला सांगा, कारण शिंपल्यांतली आणि शेवाळातली काही संयुगं शरीरात डीएमए बनतात.

आयसीपी-एमएसची आणखी एक खोड: लघवीतल्या मिठाचा क्लोरीन आणि यंत्रातला आर्गॉन जुळून वस्तुमान ७५ बनतं, आणि आर्सेनिकचंही ७५ च. ही भेसळ काढण्यासाठी यंत्रात टक्कर-कक्ष वापरला का, हे विचारा. मानवी लघवीचा प्रमाणित संदर्भ नमुना सोबत चालवला का, हेही. आपल्याकडून शंभरात दहा नमुने दुबार पाठवा, आणि गावातच उघडून शुद्ध पाण्यानं भरलेल्या दोन-चार कोऱ्या बाटल्याही. प्रयोगशाळेला त्यातल्या कुठल्या कोऱ्या हे सांगू नका.

सातवी पायरी: पातळ की दाट

खूप पाणी प्यायलेल्या बाईची लघवी पातळ असते आणि आकडा खोटा कमी दिसतो. दुरुस्तीसाठी अनेक ठिकाणी क्रिएटिनिन या लघवीतल्या टाकाऊ द्रव्याच्या प्रमाणानं भागतात. पण क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं. लहान मुलात ते कमी, कुपोषित बाईत कमी, गरोदरपणात बदलतं. त्यानं भागलं की हडकुळ्या मुलाचा आकडा उगाच फुगतो. मतलबच्या कामातून विशिष्ट गुरुत्वाचा, म्हणजे लघवी पाण्याच्या किती पट जड हे पाहण्याचा, मार्ग जास्त भरवशाचा ठरला. ते मोजायला हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, गुरुत्वासाठी रंग बदलणाऱ्या पट्टीवर विसंबू नका.

सूत्र असं: मोजलेला आकडा गुणिले (सरासरी गुरुत्व वजा १) भागिले (त्या नमुन्याचं गुरुत्व वजा १). मतलबमध्ये सरासरी १.०१२ होती. आता दोन शेजारणी घ्या. पहिलीचा आकडा ४८, गुरुत्व १.००६, दुरुस्त केल्यावर ९६. दुसरीचा १२०, गुरुत्व १.०२४, दुरुस्त केल्यावर ६०. कागदावर दुसरी जास्त धोक्यात दिसत होती, प्रत्यक्षात पहिली आहे.

एक काळजी घ्या. लघवीत साखर किंवा प्रथिनं जात असतील तर गुरुत्व त्यांच्यामुळे वाढतं. गरोदरपणात दोन्ही होऊ शकतात, म्हणून साखर-प्रथिनांची पट्टी लावाच. प्रथिनं दिसली तर आर्सेनिक बाजूला ठेवून तिला आधी दवाखान्यात न्या.

नखं आणि केस केव्हा

मागच्या काही महिन्यांचा इतिहास हवा असेल तेव्हा. पायाच्या अंगठ्याचं नख सावकाश वाढतं, आज कापलेलं टोक सहा महिने ते वर्षभरापूर्वीचं असतं. म्हणून बाळंतपणानंतर काही महिन्यांनी कापलेलं आईचं पायाचं नख तिच्या गरोदरपणाबद्दल सांगतं. नवजात बाळाची नखं तर पोटातच तयार झालेली असतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये गरोदर बायका आणि बाळांच्या अभ्यासात ती वापरली गेली. बाळाच्या दहाही बोटांची कापलेली टोकं कागदी पाकिटात जमवा.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. डोक्याच्या मागच्या बाजूनं, टाळूला लागून कापा आणि मुळाकडचं टोक दोऱ्यानं बांधा, नाहीतर कुठलं टोक ताजं हे कळत नाही. अडचण अशी की केस आंघोळीच्या पाण्यातलं आर्सेनिक बाहेरूनही शोषतात, आणि ते धुऊन पूर्ण निघत नाही. एकदा एका आजीनं नातवाचं जावळ जपून ठेवलं होतं, ते तपासाल का, म्हणून विचारलं. तिला खरं सांगावं लागलं: जन्माचे केस पहिल्या काही महिन्यांतच गळतात, वर्षानं काढलेलं जावळ बहुतेक नंतरचं असतं, आणि ते वर्षभर त्याच पंपाखाली भिजलेलं असतं.

कातडीवरचे डाग मोजमाप म्हणून धरू नका. ते उमटायला वर्षं लागतात. मुलाची कातडी स्वच्छ आहे म्हणजे आर्सेनिक गेलं नाही असं नव्हे.

आकडा घरी घेऊन जाताना

गरोदर बाई किंवा मुलासाठी ‘इतक्या आकड्याखाली सुरक्षित’ अशी रेषा कुठेही आखलेली नाही. कारखान्यातल्या कामगारांसाठी लघवीला लिटरमागे ३५ मायक्रोग्रॅम ही सूचक मर्यादा अमेरिकेत वापरतात. ती प्रौढ कामगारासाठी आहे, ती बाळाला लावू नका. आकडा वाचायचा तो घरातल्या पाण्याशी आणि तांदळाशी जोडून. पाणी स्वच्छ आणि लघवीतलं प्रमाण जास्त, म्हणजे फॉर्ममधून काहीतरी सुटलं: शेतावरचा पंप, स्वयंपाकाचं पाणी, पुडी, मासे. परत जा आणि विचारा.

आईशी बोलताना पहिलं वाक्य हे असू द्या: बाळाला अंगावर पाजणं थांबवू नका, ते त्याचं रक्षण करतं. दुसरं: पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. मग नकाशा काढून दाखवा, जवळचा कुठला पंप १० च्या आत आहे. उथळ पंपांत दोन शेजारच्या घरांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे बऱ्याचदा चालत जाता येईल इतकं जवळ काहीतरी सापडतं. प्यायला आणि शिजवायला दोन्हीला तेच पाणी. धुण्या-भांड्याला जुना पंप चालेल. भात भरपूर स्वच्छ पाण्यात शिजवून पेज निथळली तर तांदळातलंही काही आर्सेनिक निघून जातं. पंप दुसऱ्याच्या अंगणात असेल तर त्या घरच्या बाईशी आपणच बोलून घ्या, गरोदर सुनेला रोज मागायला लावू नका.

पाणी बदलल्यापासून दहा-बारा दिवसांनी बाई आणि मूल दोघांची लघवी पुन्हा घ्या. तांदळामुळे आकडा शून्यावर येणार नाही, पण घसरण स्पष्ट दिसते. तो दुसरा कागद पहिल्या कागदाशेजारी ठेवून सासूबाईंनाही दाखवा, कारण भात कुठल्या पाण्यात शिजायचा हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.